जुन्या ट्रकमधील फ्युएल इंजेक्शन : टाकीपासून रेलपर्यंतची इंधनव्यवस्था

कार्बोरेटर आणि फ्युएल इंजेक्शन यांतील फरक शिकताना विद्यार्थ्यांचे सगळे लक्ष इंजिनाच्या वरच्या भागाकडे असते: इंजेक्टर, सेन्सर, ईसीयू. परीक्षेतही प्रश्न त्यावरच येतो. पण एखाद्या जुन्या गाडीचे प्रत्यक्ष रूपांतर करायला घेतले, की बहुतेक त्रास इंजिनापासून दोन-तीन मीटर मागे, टाकी, पंप आणि नळ्या यांत सापडतो. या पाठात आपण त्याच उपेक्षित भागाचा विचार करणार आहोत. द्रव यांत्रिकी आणि ऊष्मागतिकी या विषयांतील साधी सूत्रे येथे किती कामी येतात, हेही त्यातून दिसेल.

उदाहरण म्हणून अमेरिकेतील १९६७ ते १९७२ या काळातील शेव्हरोले सी-१० हा ट्रक घेऊ. एक खुलासा आधीच करतो. अमेरिकेत ‘ट्रक’ म्हणजे आपल्याकडचा दहा चाकी मालट्रक नव्हे. पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा असलेली ती पिकअप गाडी. तिकडे हौशी लोक हे जुने पिकअप मोठ्या संख्येने जपतात. त्यातील मूळ कार्बोरेटरचे इंजिन काढून १९९९ नंतरच्या पिकअपमधील ५.३ लिटरचे आठ सिलिंडरचे एलएस कुळातले इंजिन बसवणे, हा तेथील अगदी रुळलेला प्रकार आहे. इंजिन सहज बसते. प्रश्न असतो त्याला पेट्रोल कसे पाजायचे, हा.

दाबाचा फरक

जुन्या व्यवस्थेत इंजिनाच्या बाजूला बसवलेला यांत्रिक पंप कॅमशाफ्टच्या हालचालीवर चालतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. कार्बोरेटरला त्याची गरज साधारण ३० ते ५० किलोपास्कल, म्हणजे ४ ते ७ पीएसआय एवढीच. एलएस इंजिनाच्या रेलमध्ये मात्र सुमारे ४०० किलोपास्कल, म्हणजे ५८ पीएसआय दाब लागतो. अंदाजे दहापट.

मधली एक पायरीही आहे आणि तिथे अनेकांची फसगत होते. याच कंपनीने १९८७ पासूनच्या पिकअपमध्ये थ्रॉटल बॉडी इंजेक्शन वापरले. त्याचा दाब फक्त ९ ते १३ पीएसआय. अशा गाडीचा पंप भंगारात स्वस्तात मिळतो आणि तो ‘इंजेक्शनचा पंप’ असतो हेही खरे, पण एलएस इंजिनाला तो पुरत नाही. पंप विकत घेताना ‘इंजेक्शनचा आहे का?’ असे न विचारता ‘४०० किलोपास्कलला किती लिटर देतो?’ असे विचारावे.

दिशाही बदलते. यांत्रिक पंप ओढतो, त्यामुळे टाकीपासून इंजिनापर्यंतच्या नळीतला दाब वातावरणापेक्षा थोडा कमी असतो. उन्हाळ्यात, गरम इंजिनाजवळ, कमी दाबाखाली पेट्रोल नळीतच उकळते आणि वाफेचा अडथळा तयार होतो. जुन्या गाड्या दुपारी सिग्नलला बंद पडत, त्याचे एक कारण हे होते. इंजेक्शनचा पंप टाकीत किंवा टाकीजवळ बसतो आणि पेट्रोल ढकलतो. सगळी लांब नळी दाबाखाली राहते आणि उत्कलनबिंदू वर जातो. ४०० किलोपास्कलचा मुख्य उपयोग इंजेक्टरमधून बारीक फवारा आणि अचूक मोजमाप हा आहे. वाफेपासून सुटका हा त्याबरोबर मिळणारा लाभ.

टाकी कुठे आहे, हा पहिला प्रश्न

सी-१० च्या या पिढीत पेट्रोलची टाकी केबिनच्या आत, आसनाच्या पाठीमागे उभी असते. सुमारे २० अमेरिकी गॅलन, म्हणजे ७५ लिटरच्या आसपास पेट्रोल चालकाच्या पाठीशी! त्या काळी ही सोयीची जागा मानली जाई. टाकी गंजत नसे, दगड लागत नसत आणि पंपापेक्षा उंचीवर असल्याने पेट्रोल सहज खाली येई. ५ पीएसआयच्या व्यवस्थेत जे चालून गेले, ते ५८ पीएसआयला चालेल का, हे आपण अंदाजे आकडे घेऊन तपासू.

समजा केबिनमधल्या एका जोडाला अर्धा मिलिमीटर व्यासाचे छिद्र पडले. बर्नुलीच्या सूत्राने, ४०० किलोपास्कल दाबाला आणि ७४० किलो प्रतिघनमीटर घनतेला, बाहेर पडणाऱ्या पेट्रोलचा वेग सुमारे ३३ मीटर प्रतिसेकंद येतो. विसर्ग गुणांक ०.६ धरला तर गळती सेकंदाला जवळजवळ ४ मिलिलिटर. आता पेट्रोलची वाफ हवेत साधारण १.४ टक्के झाली की मिश्रण पेट घेऊ शकते. बंद केबिनचे आकारमान २.५ घनमीटर मानले, तर त्यासाठी ३५ लिटर वाफ हवी. एक लिटर पेट्रोलपासून ढोबळमानाने २०० लिटर वाफ होते. म्हणजे पावणेदोनशे मिलिलिटर पेट्रोल, मोठा पेलाभर चहा एवढेच, पूर्ण केबिन पेटण्याजोगी करायला पुरेसे आहे. चार मिलिलिटर प्रतिसेकंद या दराने ते पाऊण मिनिटात बाहेर पडते.

सगळे पेट्रोल लगेच वाफ होत नाही आणि वाफ सारखी पसरत नाही, हे मान्य. पण ती हवेपेक्षा जड असल्याने आधी खालच्या भागात साठते, आणि तिथे १.४ टक्क्याची मर्यादा आणखी लवकर गाठली जाते. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: दाबाखालची एकही नळी किंवा जोड केबिनमध्ये असता कामा नये.

हे दोन प्रकारे साधता येते. पहिला मार्ग, टाकी आहे तिथेच ठेवून तिच्या तळातून पेट्रोल गुरुत्वाने खाली आणायचे आणि पंप बाहेर, चॅसीच्या चौकटीवर बसवायचा. दुसरा, टाकीच हलवून मागे हौद्याखाली, चौकटीच्या दोन रेलच्या मध्ये न्यायची. त्याच काळातील ब्लेझर या गाडीची टाकी अशीच मागे असे, त्यामुळे त्या घडणीच्या टाक्या तयार मिळतात आणि आत पंप बसवण्याची सोय असलेल्याही मिळतात. खर्च आणि कष्ट जास्त, पण मी दुसऱ्या मार्गाच्या बाजूने आहे.

‘दोन रेलच्या मध्ये’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. १९७३ ते १९८७ या पुढच्या पिढीत टाक्या केबिनमधून बाहेर आल्या, पण चौकटीच्या बाहेरच्या अंगाला बसवल्या गेल्या. बाजूने धडक बसली की टाकीला संरक्षण उरत नसे. त्यावरून अमेरिकेत मोठा वाद झाला, सरकारी चौकशी झाली आणि १९९४ च्या अखेरीस गाड्या परत न मागवता तडजोडीने ते प्रकरण मिटवले गेले. टाकीची जागा ठरवताना हा इतिहास आठवणीत असावा.

पेट्रोल किती लागेल?

अंदाजाची पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. सामान्य पेट्रोल इंजिनाला पूर्ण भारावर एका अश्वशक्तीसाठी तासाला सुमारे ०.२२७ किलो (अर्धा पौंड) पेट्रोल लागते. आपले लक्ष्य ३५० अश्वशक्ती असेल तर:

३५० × ०.२२७ = ७९.५ किलो प्रतितास
७९.५ ÷ ०.७४ = सुमारे १०७ लिटर प्रतितास

यावर पाव हिस्सा राखीव ठेवला की १३४ लिटर. बाजारात ‘२५५ लिटरचा पंप’ सर्रास मिळतो. हा आकडा ज्या दाबाला आणि व्होल्टेजला मोजलेला असतो, त्याहून दाब वाढला किंवा व्होल्टेज घसरले की प्रत्यक्ष पुरवठा कमी होतो. म्हणून पंपाचा आलेख पाहावा. वेष्टनावरचा एकच आकडा पुरेसा नाही. तरीही ३५० अश्वशक्तीला हा पंप पुरून उरतो.

‘मग त्याहून मोठा घेतला तर बिघडले काय?’ असा प्रश्न वर्गात हमखास येतो. बिघडते. पंप रस्त्यावरच्या गरजेप्रमाणे कमीजास्त होत नाही. साध्या व्यवस्थेत तो सतत पूर्ण वेगाने फिरतो. इंजिन मंद गतीवर असताना तासाला दोन-तीन लिटर जाळते आणि पंप समजा २०० लिटर देतो. बाकीचे सगळे टाकीत परत. पंप १३.५ व्होल्टला १० अँपिअर घेत असेल तर १३५ वॅट शक्ती आत जाते. तिच्यातले उपयुक्त जलशक्तीचे काम म्हणजे दाब गुणिले प्रवाह, फक्त २२ वॅट, आणि तेही रेग्युलेटरमधून दाब उतरताना उष्णताच होते. टाकीत २० लिटर, म्हणजे सुमारे १५ किलो पेट्रोल उरले असेल आणि त्याची विशिष्ट उष्णता २.१ किलोज्यूल प्रतिकिलो-केल्विन धरली, तर तासाभरात तापमान १५ अंशांनी वाढू शकते. टाकीच्या पत्र्यातून बरीच उष्णता निघून जाते, त्यामुळे वाढ याहून कमी दिसेल. पण मे महिन्यात ॲरिझोनासारख्या ठिकाणी, टाकी पाव भरलेली असताना पंप ओरडू लागतो, त्याचे उत्तर या हिशेबात आहे.

हिंदकळणारी टाकी

कार्बोरेटरच्या फ्लोट कप्प्यात पेट्रोलचा छोटा साठा असतो. वळणावर टाकीतले पेट्रोल एका बाजूला गेले आणि ओढनळीने क्षणभर हवा घेतली, तरी इंजिनाला पत्ता लागत नाही. इंजेक्शनच्या रेलमध्ये असा साठा नाही. द्रव जवळजवळ असंपीड्य असल्याने पंपाने हवा गिळली की रेलचा दाब निमिषात कोसळतो, मिश्रण पातळ होते आणि इंजिन अडखळते. पूर्ण भारावर हे वारंवार झाले तर पिस्टनला इजा होते.

जुन्या टाकीत आडवे पडदे नसतात किंवा असले तरी तोकडे असतात. उपाय तीन. टाकीच्या आत पंपाभोवती बादलीसारखे भांडे बसवणे, ज्यात परतीचे पेट्रोल पडत राहते आणि ते कायम भरलेले असते. आधुनिक गाड्यांत हेच असते. दुसरा उपाय, टाकीच्या तळाशी पसरणारी शोषक जाळीची गादी. तिसरा, बाहेर दीड-दोन लिटरची वेगळी छोटी टाकी: कमी दाबाचा पंप ती भरत ठेवतो, उच्च दाबाचा पंप तिच्या तळातून घेतो, रेग्युलेटरची परतनळी तिच्यातच येते आणि जास्तीचे पेट्रोल वरून मुख्य टाकीत वाहून जाते. हा तिसरा उपाय शर्यतीच्या गाड्यांत शोभतो. रोजच्या पिकअपवर दोन पंप, दुप्पट जोड आणि दुप्पट गळतीच्या जागा वाढवण्यात मला शहाणपण वाटत नाही.

पंप टाकीबाहेर बसवायचाच असेल तर तो टाकीच्या तळापेक्षा खाली आणि शक्य तितका जवळ हवा. हे पंप ढकलण्यात पटाईत, ओढण्यात कच्चे. त्यांच्या तोंडाशी १०० मायक्रॉनची जाड गाळणी आणि पुढे, दाबाच्या बाजूला १० मायक्रॉनची बारीक. ही अदलाबदल झाली तर बारीक गाळणी ओढीच्या बाजूला अडथळा करते, तिथला दाब बाष्पदाबाखाली जातो आणि पंपात बुडबुडे फुटून तो काही महिन्यांत खराब होतो. टाकीला श्वास घ्यायला वाटही हवी: तासाला शंभर लिटर पेट्रोल बाहेर जात असेल तर तेवढीच हवा आत यायला पाहिजे. गाडी उलटल्यास बंद होणारी झडप या वाटेवर बसवतात.

रेग्युलेटर आणि परतनळी

परतनळीचे दोन मांडणीप्रकार प्रचलित आहेत. पहिल्यात पेट्रोल रेलपर्यंत जाते, रेलच्या शेवटी रेग्युलेटर असतो आणि तिथून परतनळी पुन्हा टाकीपर्यंत. रेलमधले पेट्रोल सतत वाहते, थंड राहते. मात्र इंजिनाची उष्णता घेऊन टाकीत येते. दुसऱ्यात फिल्टर आणि रेग्युलेटर एकाच डब्यात, टाकीजवळ. तिथूनच जास्तीचे पेट्रोल परत वळते आणि इंजिनाकडे एकच नळी जाते. १९९९ पासूनच्या कॉर्व्हेटमधला ५८ पीएसआयचा असा फिल्टर या रूपांतरात फार लोकप्रिय आहे. नळी वाचते, जोड वाचतात. साध्या रस्त्यावरच्या ट्रकसाठी मी हाच सुचवेन.

एक सूक्ष्म गोष्ट. इंजेक्टरमधून जाणारा प्रवाह रेलच्या दाबावर नव्हे, तर रेल आणि इनटेक मॅनिफोल्ड यांच्या दाबांतील फरकावर, आणि त्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठरतो. मंद गतीवर मॅनिफोल्डमध्ये वातावरणापेक्षा ६५ किलोपास्कल कमी दाब असेल तर फरक ४६५ होतो. पूर्ण थ्रॉटलला ४००. वर्गमुळाने सुमारे ८ टक्क्यांचा फरक. मॅनिफोल्डशी नळीने जोडलेला रेग्युलेटर हा फरक स्वतः भरून काढतो. कॉर्व्हेटच्या डब्याला तशी जोडणी नसते, म्हणून ती दुरुस्ती ईसीयूच्या तक्त्यात असावी लागते. यांतले एकच करायचे. दोन्ही केले तर दुरुस्ती दुप्पट होते, आणि हे चुकलेले तक्ते लोक आठवडेच्या आठवडे जुळवत बसतात.

आता परतनळीच्या व्यासाकडे वळू. जुन्या ट्रकवर पाव इंची नळी आधीच बसवलेली असेल तर ती परतीसाठी वापरण्याचा मोह होतो. चार मीटर नळी आणि २०० लिटर प्रतितास प्रवाह धरून डार्सीच्या सूत्राने घर्षणाचा दाब काढला, तर बाहेरून तीन-अष्टमांश इंची नळीत तो सुमारे ६ किलोपास्कल येतो, पाच-सोळांश इंचीत १७ आणि पाव इंचीत ६५. व्यासाचा घातांक पाचाच्या जवळ असल्यामुळे हा फरक पडतो. पहिल्या मांडणीत पाव इंची परतनळी असेल तर मंद गतीवर रेलचा दाब ४०० ऐवजी ४६५ होईल, कारण रेग्युलेटरच्या पाठीमागे तेवढा दाब साचला आहे. जोर वाढवला की इंजिन १०७ लिटर घेते, परतीला ९३ उरतात, आणि साचलेला दाब १७ वर येतो. म्हणजे चूक स्थिर नाही, भारानुसार सरकते. मंद गतीवर गाडी काळा धूर देते, जोर दिला की बरी चालते, आणि दोष मात्र इंजेक्टरवर ढकलला जातो.

नळ्या आणि जोड

लांब पल्ल्याला पोलादी, स्टेनलेस किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची नळी. साधे तांबे नको. कंपनाने ते कडक होऊन तडकते. रबरी होज फक्त हलणाऱ्या भागांच्या मध्ये, आणि तिच्यावरचा छाप वाचूनच. कार्बोरेटरच्या गाड्यांची एसएई जे३० आर७ ही होज साधारण ५० पीएसआयपर्यंतची, तर आर९ ही १०० पीएसआयपर्यंतची. दोन्ही बाहेरून सारख्याच काळ्या दिसतात. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडून राहायची तर वेगळी, आर१० हवी. बाहेरची होज आत टाकली तर बाहेरच्या बाजूने फुगून विरते. अमेरिकेतील बहुतेक पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि पन्नास वर्षांपूर्वीचे रबर त्यासाठी बनलेले नव्हते. आपल्याकडे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आल्यापासून जुन्या गाड्यांच्या मालकांना हीच काळजी आहे. इथेनॉल टाकीतला जुना साका सोडवते, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत गाळणी लवकर तुंबते. ती बदलायची तयारी ठेवावी.

स्क्रूने आवळायच्या दातेरी पट्टीच्या क्लिपा होजला कापतात. इंजेक्शनसाठी गुळगुळीत कडांच्या क्लिपा घ्याव्यात, आणि नळीच्या टोकाला उठावाची कडी असावी. धातूच्या जोडांत एएन पद्धतीचे जोड ३७ अंशांच्या कोनाचे असतात, तर सामान्य मोटार नळ्यांची तोंडे ४५ अंशांची. दोन्ही आट्यांत बसल्यासारखी वाटतात आणि पहिल्या दिवशी गळतही नाहीत. आठ अंशांच्या फरकामुळे संपर्क एका बारीक रेषेवर राहतो आणि कंपनाने तो सुटतो. एएन जोडाचा क्रमांक इंचाच्या सोळाव्या भागात वाचायचा: ६ क्रमांक म्हणजे तीन-अष्टमांश इंच.

वीज

पंपाला १० अँपिअर पुढच्या बॅटरीपासून मागच्या टाकीपर्यंत न्यायचे आहेत. १८ गेजची तार मीटरला सुमारे २१ मिलिओहम रोध देते. पाच मीटरला एक व्होल्टहून थोडे जास्त नुकसान, आणि परतीचा प्रवाह गंजलेल्या चौकटीतून आला तर आणखी. १२ गेजला हेच पाव व्होल्ट. म्हणून जाड तार, बॅटरीजवळ फ्यूज, आणि ईसीयूच्या हुकमाने चालणारा रिले. पंपाची अर्थिंगही जाड तारेने थेट आणावी.

यांत्रिक पंपाचा एक गुण आपण गमावला आहे: इंजिन थांबले की तो थांबत असे. विजेचा पंप अपघातानंतर तुटलेल्या नळीतूनही पेट्रोल ढकलत राहील. म्हणून चावी फिरवल्यावर पंप दोन सेकंद चालून बंद व्हावा आणि ईसीयूला इंजिन फिरल्याचा संकेत मिळाला तरच पुन्हा सुरू व्हावा. चावीला थेट जोडलेला पंप कधीही स्वीकारू नये. जोडीला धक्क्याने उघडणारा जडत्व स्विचही रिलेच्या वाटेवर घालावा.

पहिल्यांदा चालू करताना

इंजिन सुरू करण्याआधी, इग्निशन तोडलेले ठेवून आणि अग्निशामक हाताशी घेऊन, पंप थोडा थोडा वेळ चालवून रेल भरावी. दाबमापकावर ५८ पीएसआय दिसले की प्रत्येक जोडाला कोरडा पांढरा कागद लावून पाहावा. डोळ्यांना न दिसणारा ओलावा कागदावर लगेच उमटतो. मग पंप बंद करून पाच-दहा मिनिटे काटा पाहावा. दाब भराभर उतरला आणि बाहेर कुठे ओल नसेल, तर पंपाची एकदिशा झडप, रेग्युलेटर किंवा एखादा गळका इंजेक्टर यांपैकी काहीतरी आहे. रेग्युलेटरजवळची परतनळी चिमटून दाब टिकतो का पाहिले, की रेग्युलेटर दोषी आहे की नाही हे कळते. त्यानंतर इंजिन गरम करून, बंद करून, गरम अवस्थेत हीच तपासणी पुन्हा करावी, कारण रबर आणि धातू वेगवेगळे प्रसरण पावतात आणि थंड असताना कोरडा राहिलेला जोड तेव्हा पाझरू शकतो. काहीही सोडवण्याआधी रेलमधला दाब उतरवायला विसरू नये. इंजिन बंद असले तरी तो तासन्‌तास तसाच राहतो.